शंका कोणास विचारावी?

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील बनशंकरी या वस्तीला ज्या देवीवरून नाव पडले, तिच्या कनकपुरा रस्त्यावरील मंदिरात राहुकाळी लिंबाच्या अर्ध्या सालीत वात ठेवून दिवे लावण्याची प्रथा आहे. मंगळवारी व शुक्रवारी या दिव्यांसाठी स्त्रियांची मोठी रांग लागते. परीक्षेचे दिवस जवळ आले की तीत पाठीवर दप्तर अडकविलेली कॉलेजातील मुलेही दिसू लागतात. त्यांच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. तथापि त्या रांगेशेजारून जाताना एक निराळाच प्रश्न माझ्या मनात येतो. ज्या मुलास पदार्थविज्ञानातील एखादे उदाहरण सुटत नाही, त्याने देवीच्या दारी जाण्यापूर्वी अथवा तेथून परतल्यावर आणखी कोणाच्या दारी जावे, याची काही व्यवस्था आपण करून ठेविली आहे काय?

मी शिक्षिका नाही, आणि पदार्थविज्ञानाची पदवीधरही नाही. एम्. ए. झाले ते मराठी घेऊन. पुढे पोटापाण्यासाठी विज्ञानाच्या पुस्तिकांचे भाषांतर करू लागले आणि त्यातच गोडी लागली. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की दुसऱ्याचे विज्ञान मला वाक्यावाक्याने समजून घ्यावे लागते, आणि समजले नाही तर कोणास विचारावे या विवंचनेत मीही अनेक रात्री काढल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक सोळा वर्षांची मुलगी आपल्या मावशीकडे राहावयास आली. ती खानापूर तालुक्यातील. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी शाळेत झाले. कर्नाटक शासन आपल्या मराठी शाळांसाठी पाठ्यपुस्तके मराठीतून छापते, ही गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांना ठाऊक नसते. गणितात तिला चांगले गुण होते. येथे पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षाला विज्ञानशाखेत तिने नाव घातले. तेथे सारे इंग्रजीतून. अडीच महिन्यांत मुलगी इतकी कोमेजली की मावशीने मला येऊन सांगितले, "ती शाखा बदलून घेते म्हणते, नाही तर गावी जाते म्हणते. तुम्ही विज्ञानाचं लिहिता ना? जरा बघा."

ती आली ती वही घेऊनच. पहिले वाक्य असे होते, "काकू, हे उत्तर छापताना चुकलंय काय बघा की."

उदाहरण साधे होते. साठ किलोग्रॅम वस्तुमानाचा एक मनुष्य लिफ्टमध्ये वजनयंत्रावर उभा आहे. लिफ्ट वर जात आहे, परंतु तिचा वेग दर सेकंदास २ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत आहे. वजनयंत्र त्या मनुष्यास किती बलाने वर रेटते? मुलीचे उत्तर ७०८ न्यूटन. सरावपत्रिकेच्या शेवटी छापलेले उत्तर ४६८ न्यूटन.

हे उदाहरण घेऊन ती कोठे कोठे जाऊन आली होती, ते ऐकण्यासारखे आहे. वर्गात तास संपताना तिने अध्यापकांना विचारले. पुढच्या वर्गाची घंटा झालेली होती, ते चालता चालता "सूत्र नीट पाहा" एवढे म्हणाले. तिने सूत्र पाहिले. तिच्या वहीत दोन सूत्रे चौकटीत लिहिलेली होती. लिफ्ट वर जात असल्यास गुरुत्वत्वरणात लिफ्टचे त्वरण मिळवावे, खाली जात असल्यास वजा करावे. लिफ्ट वर जात होती, तिने मिळविले. मैत्रिणीकडे उत्तर बरोबर आले होते, पण ते दुसरीच्या वहीतून उतरविलेले असल्यामुळे मैत्रिणीला त्याचे कारण सांगता येईना. गाईडमध्ये हे उदाहरण नव्हते. शेवटी मावशीच्या फोनवर उदाहरणाचे छायाचित्र पाठवून तिने उत्तर मागविले. चार ओळींत निर्दोष उत्तर आले. त्यातील दुसरी ओळ अशा अर्थाची होती : त्वरण अधोमुख असल्यामुळे वजाबाकी करावी.

"पण लिफ्ट वर चाललीय ना," ती म्हणाली, "मग त्वरण खाली कसं असेल?"

माझ्या मते तिच्या अडीच महिन्यांच्या दुःखाचे सार या एका वाक्यात होते, आणि ते वाक्य उच्चारण्याइतका वेळ तोवर तिला कोणी दिला नव्हता. सर्वांनी तिला उत्तर दिले होते. तिचा प्रश्न काय आहे, हे कोणी विचारले नव्हते. एवढेच नव्हे, तर हाच आपला प्रश्न आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. माझ्यासमोर बोलता बोलता तो तिच्या तोंडून निघाला.

मी तिला अंक घ्यावयास सांगितले. समज, या क्षणी लिफ्टचा वेग वरच्या दिशेने ६ आहे. एका सेकंदाने किती असेल? चार. तोही वरच? होय, वरच. मग सहाचे चार होण्यासाठी सहात काय मिळवावे लागले? तिने उणे दोन असे लिहिले. बाण काढून दाखव, असे मी म्हटले. वेगाचा लांब बाण तिने वर काढला, नंतरचा आखूड बाणही वर काढला, आणि दोहोंमधील फरकाचा बाण काढण्यासाठी पेन्सिल टेकवून ती थांबली. मी काही बोलले नाही. पुष्कळ वेळाने तिने तो बाण खाली काढला. पुढचे तिचे तिनेच केले. गुरुत्वामुळे साठ गुणिले नऊ दशांश आठ, म्हणजे ५८८ न्यूटन खाली. वजनयंत्राचे रेटणे वर. दोहोंतील फरक खालच्या दिशेने साठ गुणिले दोन, म्हणजे १२० न्यूटन असला पाहिजे. ५८८ मधून १२० वजा जाता ४६८. छापण्यात चूक नव्हती.

येथे भाषांतरकार म्हणून मला थोडे आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही. मराठीत आपण ज्यास त्वरण म्हणतो, त्या शब्दात त्वरा दडलेली आहे. ज्या मुलाने हा शब्द प्रथम ऐकला, त्याच्या मनात घाई, वेग, पुढे धावणे हीच चित्रे उभी राहणार. कन्नड पाठ्यपुस्तकांत त्यास वेगोत्कर्ष म्हणतात. तो तर वेगाची वाढच सांगतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही शीघ्र या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. तिन्ही भाषा विद्यार्थ्यास एकाच खड्ड्यात नेतात, आणि मग एका दिवशी पुस्तक त्यास सांगते की वेग कमी होणे हेही त्वरणच, दिशा बदलणे हेही त्वरणच. शब्द बदलून भागणार नाही. पण त्या शब्दाने कोणती चूक संभवते, हे शिकविणाऱ्यास ठाऊक असले तर निम्मे काम होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून त्याचा ताणकाटा तासभर मागून आणला. त्याला मुलीची पुस्तकांची पिशवी अडकवून ती आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभी राहिली. लिफ्ट वर निघाली तसा काटा क्षणभर खाली सरकला, म्हणजे पिशवी जड झाली. मधल्या मजल्यांवर तो मूळ जागी स्थिर राहिला. आणि चौथा मजला येऊन लिफ्ट मंदावू लागली तसा तो वर उचलला गेला. लिफ्ट वरच जात होती, आणि पिशवी हलकी झाली होती. आम्ही चार खेपा केल्या. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दूध घेऊन ताटकळत उभे होते. त्यांची आम्ही क्षमा मागितली, तेव्हा त्यांनीच पाचवी खेप करावयास लाविली.

येथवर मी मोठ्या समाधानात होते. मुलीने ते फार वेळ टिकू दिले नाही. खाली आल्यावर ती म्हणाली, "मग न्यूटनचा तिसरा नियम मोडला की. क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या असतात ना? माणसाचं वजन ५८८ आणि वजनयंत्राची प्रतिक्रिया ४६८?"

हा प्रश्न ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याच आठवड्यात एका पुस्तिकेचे हस्तलिखित मी पुरे करीत होते, आणि त्यात मी एक वाक्य पदरचे घातले होते : मेजावर ठेविलेल्या पुस्तकाचे वजन ही क्रिया, आणि मेज पुस्तकास वर रेटते ती तिची प्रतिक्रिया. मूळ लेखकाने असे म्हटलेले नव्हते. वाचकास सोपे जावे म्हणून मी ते घातले होते, आणि ते सपशेल चूक होते. मेज आणि पुस्तक स्थिर असल्यामुळे दोन्ही बले योगायोगाने समान भरतात, म्हणून चूक उघडकीस येत नाही. लिफ्ट हालू लागली की ती समान राहत नाहीत, आणि चूक उघडी पडते. तिसऱ्या नियमातील जोडी नेहमी दोन वस्तूंमध्ये परस्परांवर असते. पृथ्वी मनुष्यास ५८८ न्यूटनने खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे मनुष्य पृथ्वीस ५८८ न्यूटनने वर ओढतो ही. वजनयंत्र मनुष्यास ४६८ न्यूटनने वर रेटते, त्याची जोडी म्हणजे मनुष्य वजनयंत्रास ४६८ न्यूटनने खाली रेटतो ही. दोन्ही जोड्या अभंग आहेत. नियम मोडला नव्हता. मोडावयास हवे होते ते माझे वाक्य. रात्री एका जाणत्या मित्रास दूरध्वनी करून मी याची खात्री करून घेतली आणि सकाळी हस्तलिखितातील ते वाक्य खोडले. वर्गात जी मुलगी ढ ठरत होती, तिने एका छापील चुकीपासून अनेक वाचकांस वाचविले, हे तिला सांगितले तेव्हा तिचा त्यावर विश्वास बसेना.

आता हे एका मुलीपुरते नाही, असे म्हणण्यास आधार आहे. १९८५ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात इब्राहिम हॅलोन व डेव्हिड हेस्टनीस या दोघांनी पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांची गतीविषयक समजूत तपासली. ज्या भाबड्या कल्पना घेऊन मुले वर्गात येतात, त्यांपैकी बहुतेक अभ्यासक्रम संपल्यावरही तशाच राहतात, असे त्यांस आढळून आले. उत्तम व्याख्याता लाभला तरीही. १९८९ साली पिट्सबर्ग येथे मिशेलिन ची व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी गोष्ट पाहिली. सोडविलेले उदाहरण वाचताना जे विद्यार्थी प्रत्येक पायरीपाशी थांबून "हे असे का?" हे स्वतःस समजावून सांगत, तेच पुढे नवी उदाहरणे सोडवू शकत. आणि विशेष हे की, आपणास कोठे कळले नाही हेही त्यांनाच अधिक वेळा उमगत असे. कच्च्या विद्यार्थ्यांना वाचताना सर्व काही कळल्यासारखे वाटत होते.

फोनवरील चार ओळींच्या उत्तराचे दुर्दैव हेच आहे. ते वाचताना सर्व कळल्यासारखे वाटते. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील डेव्हिड प्रिचर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गृहपाठाच्या नकलेचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. नक्कल करणारी मुले आरंभी इतरांहून कमी तयारीची नव्हती. मुदत जवळ आली की ती उतरवून घेऊ लागत, आणि सत्र जसजसे पुढे जाई तसतशी परीक्षेत मागे पडत. याच अभ्यासात पुढे दिलेले एक निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. मोठ्या व्याख्यानवर्गाऐवजी गटागटाने एकत्र बसून काम करण्याची पद्धत आणि अध्यापनातील तत्सम अन्य बदल सुरू झाल्यावर नकलेचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या खाली आले. मुलांना कोणी सन्मार्गाचा उपदेश केला म्हणून नव्हे. विचारावयास शेजारी माणूस मिळाला, तेव्हा उतरविण्याची गरज उरली नाही.

यावर जुन्या पिढीतील काही गुरुजन म्हणतील, आणि माझ्याजवळ ते म्हणालेही आहेत, की आम्हांस कोण होते सांगावयास? आम्ही रात्र रात्र डोके फोडले, म्हणूनच विषय आला. विद्यार्थ्याने झुंजलेच पाहिजे. यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करते. पेन्सिल टेकवून ती मुलगी थांबली होती, त्या वेळी मी घाईने बाण काढून दिला असता तर सारेच व्यर्थ गेले असते. पण झुंजणे आणि बुडणे यांत अंतर आहे. पोहणे शिकविणारा मनुष्य विहिरीच्या काठावर उभा असतो. तो प्रत्येक वेळी पाण्यात उडी घेत नाही, परंतु उठून घरीही जात नाही. शिवाय आम्ही रात्र रात्र झुंजलो असे सांगणारे सारे ते आहेत की जे तरले. जे बुडाले त्यांनी वाणिज्यशाखा घेतली, आणि त्यांची कैफियत कोणी लिहून ठेविली नाही.

रिचर्ड फाइनमन यांच्याएवढा समर्थ व्याख्याता विसाव्या शतकात क्वचितच झाला असेल. १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेत नवागत विद्यार्थ्यांपुढे त्यांनी दिलेली व्याख्याने जगभर वाचली जातात. त्या व्याख्यानांच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच्या यशाविषयी बरीच निराशा व्यक्त केली आहे. खरे शिक्षण हे एक विद्यार्थी व एक चांगला शिक्षक यांच्या प्रत्यक्ष संबंधातच, दोघे मिळून विचार करीत बोलत असताना होते, असा त्यांचा अभिप्राय होता. जेथे फाइनमन यांस हे म्हणावे लागले, तेथे आपल्या एखाद्या कॉलेजातील अध्यापकास दोष देण्यात काय हशील आहे? साध्या हिशेबाची गोष्ट आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी अध्यापकाने आठवड्यातील एक संपूर्ण तास केवळ शंकांसाठी राखून ठेविला, तरी प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिट येते. लिफ्टच्या त्या प्रश्नास मला दीड तास लागला. अध्यापक एक नव्हे, असे चार-पाच वर्ग सांभाळतो. खासगी क्लासात पैसे मोजून हा वेळ मिळेल, अशी पालकांची समजूत असते. पण तेथेही बहुधा अधिक मोठा वर्ग आणि अधिक वेगवान फळा एवढेच हाती येते. शंकेला वेळ लागतो, आणि वेळ महाग आहे. अडचण एवढीच आहे. पण ती लहान नव्हे.

या अडचणीत मराठी अथवा कन्नड शाळेतून आलेल्या मुलांच्या वाट्यास एक जादा ओझे येते. शंका ही अर्धवट वाक्यांत जन्मते. "म्हणजे ते असं... पण मग ते खाली कसं?" अशी तिची पहिली भाषा असते, आणि अर्धे वाक्य माणूस परक्या भाषेत बोलू धजत नाही. परक्या भाषेत तो पुरे, शुद्ध, पाठ केलेले वाक्यच बोलतो, अथवा गप्प बसतो. मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक वि. गो. कुलकर्णी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम केले, तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की मराठीतूनच शिकणाऱ्या मुलांनासुद्धा पाठ्यपुस्तकातील मराठी हा अडसर होता. विज्ञान तेच ठेवून भाषा सोपी केली, तेव्हा मुलांची समज व वर्गातील बोलणे दोन्ही सुधारली. आम्हां भाषांतरकारांनी हे वाचून थोडे खजील झाले पाहिजे. जेथे मराठीतून मराठीत येणेही अवघड, तेथे खानापूरच्या मुलीने जूनमध्ये मराठी सोडून जुलैमध्ये इंग्रजीत शंका विचारावी ही अपेक्षा किती रास्त आहे? मला मराठीऐवजी इंग्रजी नको असे म्हणावयाचे नाही. उच्च विज्ञानासाठी तिला इंग्रजी लागेलच. पण उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहिली तरी शंका घरच्या भाषेत विचारण्याची मोकळीक असावी. १६३८ च्या सुमारास शहाजीराजे बंगळुरास आले तेव्हापासून या शहरात मराठी बोलली जाते, तशी तमिळ, तेलुगू, उर्दू व दख्खनीही बोलली जाते. एका वर्गातील साठ मुलांच्या पाच-सहा घरभाषा असतात. अध्यापकास त्या सर्व येणे अशक्य आहे. शेजाऱ्यास मात्र एखादी येते.

दूर राहून शंकांना उत्तरे देण्याचा एक प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि तो पुढे २००२ पर्यंत चालला. त्यात सवालीराम नावाचे एक काल्पनिक गृहस्थ होते. मुलांनी त्यांना पत्रे लिहावीत आणि सवालीरामाने उत्तरे पाठवावीत, अशी योजना होती. पत्र लिहिणाऱ्या मुलास आपला प्रश्न वाक्यात मांडावा लागे, आणि उत्तर देणाऱ्यास त्या मुलाचे वाक्य लक्षपूर्वक वाचावे लागे. माझ्या दृष्टीने योजनेचे सारे मर्म यातच होते.

आणि आमच्या बनशंकरीपासून जवळच, बसवनगुडी येथील नॅशनल कॉलेजात, डॉ. एच्. नरसिंहय्या होते. १९२० साली जन्मलेले हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक अमेरिकेतून अणुकेंद्रीय भौतिकीतील डॉक्टरेट घेऊन आले, पुढे प्राचार्य झाले, बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण २००५ साली निधन होईतो राहिले ते कॉलेजच्या वसतिगृहातील एका साध्या खोलीत, विद्यार्थ्यांच्या मध्ये. १९६२ साली त्यांनी बंगळूर सायन्स फोरमची स्थापना केली आणि सामान्य नागरिकांसाठी विज्ञानाची व्याख्याने सुरू केली. प्रश्न विचारा, ही त्यांची शिकवण सर्वश्रुत आहे. मला मात्र त्या शिकवणीहून ती खोली अधिक बोलकी वाटते. प्रश्न विचारा असे सांगणारे पुष्कळ असतात. ज्याच्या दारावर केव्हाही टकटक करता येईल अशा ठिकाणी राहणारे फार थोडे.

असे वसतिगृहवासी आचार्य मागणीनुसार मिळत नाहीत. म्हणून माझी सूचना लहान आहे, आणि ती प्रस्तुत मालेच्या पुस्तिका ज्या शाळांत व सार्वजनिक वाचनालयांत जातात त्यांनाच उद्देशून आहे. बनशंकरीच्या दुसऱ्या स्टेजमध्ये कर्नाटक राज्य विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे, आणि मुलांसाठी 'बाल विज्ञान' हे कन्नड मासिक ही परिषद काढते. तिसऱ्या स्टेजमध्ये विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीचे शेकडो विद्यार्थी या रस्त्यांवर चहा पीत उभे असतात. ज्ञानाची टंचाई नाही. ज्यास विचारावयाचे आहे आणि ज्यास सांगता येईल, ते दोघे एका वेळी एका मेजाशी बसत नाहीत, एवढेच उणे आहे. वाचनालयाने आठवड्यातील दोन संध्याकाळी, सहा ते आठ, एक मेज शंकांसाठी राखून ठेवावे. त्यावर कोणी प्राध्यापक बसला पाहिजे असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पुरेसा आहे. किंबहुना तो बरा, कारण आपण स्वतः कोठे अडखळलो होतो हे तो अजून विसरलेला नसतो.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. येणाऱ्याने कोरी वही आणू नये. जेथवर गेलो तेथवर लिहून आणावे, मग ते चूक का असेना. आणि सांगणाऱ्याने त्या लिहिलेल्यावरून आरंभ करावा, स्वतःच्या आवडत्या रीतीवरून नव्हे. सांगणाऱ्याच्या हातात पेन्सिल देऊ नये, असेही मी म्हणेन. पेन्सिल ज्याची शंका त्याच्याच हाती असावी. आणि सांगणाऱ्यास जे ठाऊक नसेल ते त्याने मोकळेपणे "ठाऊक नाही" म्हणावे व पुढच्या बैठकीस विचारून यावे. तिसऱ्या नियमाच्या बाबतीत मला हे वेळीच सुचले, हे माझे नशीब. नाही तर माझ्या अधिकारवाणीने मी त्या मुलीची बरोबर शंका दाबून टाकली असती.

असे मेज गेल्या दिवाळीपासून आम्ही आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, वाहने ठेवण्याच्या जागेत मांडले आहे. फार गोड चित्र रंगविण्याची माझी इच्छा नाही. पहिल्या महिन्यात तीन मुले आली, त्यांतील एक केवळ सावलीसाठी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकवीस आली, आणि त्यांना शंका नको होत्या, उत्तरे हवी होती. तेव्हा आमचा वहीचा नियम कोलमडला. सांगावयास येणारा अभियांत्रिकीचा मुलगा दोन वेळा आलाच नाही, कारण त्याचीही परीक्षा होती. रसायनशास्त्र घेऊन कोणी आले की आमच्यापाशी माणूस नसतो. इमारतीच्या सभेत, या मुलांमुळे लिफ्टचे वीजबिल वाढते, अशी तक्रार एकदा आली. ती लिफ्ट आम्ही एका संध्याकाळी पाच खेपांहून अधिक वापरलेली नाही, हे मी तेथे निवेदन केले.

ती मुलगी अद्याप विज्ञानशाखेतच आहे. पहिल्या सहामाहीस तिला पदार्थविज्ञानात काठावर गुण मिळाले, दुसऱ्या वेळी त्याहून थोडे अधिक. गेल्या मंगळवारी ती मेजाशी बसून होती आणि समोर नववीतील एक कन्नड मुलगा वही उघडून बसला होता. तो तिला म्हणत होता की, वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जाऊन थांबतो त्या क्षणी त्याच्यावर कोणतेही बल नसते, म्हणून तर तो थांबतो. तिला कन्नड तितकेसे येत नाही, त्याला मराठी मुळीच येत नाही. तिने त्याच्यापुढे पेन्सिल सरकवली आणि थांबण्यापूर्वीचा वेगाचा बाण काढ म्हणून खूण केली.